पुस्तक घेतलं, पोथी निघाली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत महिन्याभरापूर्वी एका चरित्राचं परीक्षण आलं होतं. परीक्षण चांगलं होतं, हे आधीच सांगते. चरित्रकाराने कुठे कागदपत्रं धुंडाळली, कुठे नायकाला झाकून घेतलं, कुठे उगाच गहिवर आणला, सगळं परीक्षकांनी नेमकं टिपलं होतं. ते वाचूनच मी पुस्तक मागवलं. नवव्या दिवशी १३६व्या पृष्ठावरून १३७व्यावर जाताना ‘कट्’ असा आवाज आला. मला वाटलं, माझ्या मानेतून आला. (वय ७१. असे आवाज येतात.) पण पान उलटलं ते हातातच आलं. त्याच्यामागून दुसरं, मग तिसरं. सोळा पानं सुटी झाल्यावर मी हात आवरला आणि पुस्तक हलकेच टेबलावर ठेवलं, जसं दुखावलेल्या माणसाला ठेवावं तसं. विकत घेतलं होतं पुस्तक, निघाली पोथी. फरक इतकाच, की पोथीला निदान वरखाली फळ्या आणि बांधायला फडकं असतं.

हे पत्र तक्रारीचं आहेच, पण प्रकाशकाविरुद्ध नाही. त्यांना वेगळं लिहिलं आहे. आपल्याकडे मागणं आहे, ते पुढे येईल.

मी ३४ वर्षं प्रुफं वाचली. त्यामुळे पुस्तक हातात आलं की मजकुराआधी माझं बोट त्याच्या पाठीवरून फिरतं. ही खोड आहे, ती जायची नाही. फर्मा म्हणजे काय हे मला छापखान्यात शिकवलं गेलं: मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजूंना मिळून सोळा पृष्ठं छापायची, कागद तीनदा दुमडायचा, की आठ पानांची एक चोपडी तयार होते. (पान आणि पृष्ठ यांत लोक गल्लत करतात. पानाला दोन पृष्ठं असतात. हे वाक्य मी आयुष्यात निदान हजारदा उच्चारलं असेल.) अशा चोपड्या एकावर एक रचून प्रत्येकीच्या घडीतून दोरा ओवायचा आणि दोऱ्याने एकमेकींना बांधायचं. जुने बाइंडर याला जुजबंदी म्हणत. असं पुस्तक टेबलावर उघडून ठेवलं की आडवं पडून राहतं. वाचणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे.

दुसऱ्या पद्धतीत फर्म्यांच्या घड्याच पाठीकडून कापून टाकतात. सगळी पानं सुटी होतात. मग त्या कडा खरवडून त्यांवर गरम, पातळ केलेला कृत्रिम डिंक फिरवतात आणि वरून कव्हर दाबतात. या प्रकाराचं नाव ‘परफेक्ट बाइंडिंग’. नाव ठेवणाऱ्याच्या आत्मविश्वासाला दाद द्यायला हवी. डिंक चांगला असला, त्याला निवायला वेळ दिला आणि कागद योग्य दिशेने कापला, तर हे पुस्तकही वर्षानुवर्षं टिकतं. माझ्याकडे तशी आहेत. पण डिंक हलका किंवा थर पातळ असला, की तो सुकून काचेसारखा होतो आणि पाठ वाकवताच तडकतो. माझ्या चरित्राचं तेच झालं.

कागदाच्या दिशेबद्दल दोन शब्द. गिरणीत कागद तयार होताना त्यातले बहुतेक तंतू एकाच दिशेने झोपतात. ती दिशा पुस्तकाच्या कण्याला समांतर हवी. आडवी गेली की पान उलटायला हट्ट करतं, सोडलं की परत येतं आणि दमट हवेत कण्याजवळ लाटा उठतात. कागद वाचवण्याच्या नादात दिशा फिरवून छापलेलं पुस्तक मला डोळे मिटून ओळखता येतं. त्याचं पान वाचकाशी भांडतं.

जुन्या हस्तलिखितांच्या शेवटी लेखनिक एक विनवणी लिहून ठेवत. पुस्तकच बोलतंय अशी कल्पना: मला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. यातलं पहिलं, दुसरं आणि चौथं वाचकाच्या हातात आहे. तिसरं नाही.

आता महिन्याचा हिशेब. मी वाचनाची वही ठेवते. गेल्या महिन्यात चार पुस्तकं विकत घेतली, तीन वाचनालयातून आणली, पाच पुरी वाचली, एक अर्ध्यावर सोडलं आणि एक अजून चालू आहे. सोडलेल्या कादंबरीबद्दल काही लिहीत नाही, कारण दोष तिचा की माझ्या त्या आठवड्यातल्या दाढदुखीचा, हे ठरलेलं नाही. एक ललित लेखांचं पुस्तक होतं, वाचलं, ठीक होतं.

चारांतलं सगळ्यात छोटं पुस्तक मला सगळ्यात आवडलं. ४० पृष्ठांची कवितांची पुस्तिका, मधोमध दोन पिना मारलेली. युनेस्कोने १९६४ साली पुस्तकांच्या मोजदादीसाठी जी व्याख्या केली, तीत मुखपृष्ठ-मलपृष्ठ सोडून किमान ४९ पृष्ठं असली तरच पुस्तक. त्याखाली सगळी पत्रकं. म्हणजे माझ्या कवयित्रीने नऊ पृष्ठं कमी लिहिली म्हणून तिचं पत्रक झालं. माझ्या वहीत मात्र तिची पुस्तकातच गणना केली आहे. या पुस्तिकेची अर्पणपत्रिका एका ओळीची आहे आणि ती कुणाला उद्देशून आहे ते कळत नाही. त्या एका ओळीवर मी एक अख्खी दुपार घालवली. दोन पिनांनी तिला बांधलंय आणि ती पुरेशी बांधली गेली आहे. म्हणजे माझा आग्रह दोऱ्याचाच आहे असं कुणी समजू नये. ४० पृष्ठांना पिना पुरतात, ५०० पृष्ठांना नुसता पातळ डिंक पुरत नाही, एवढंच माझं म्हणणं.

तिसरं पुस्तक जुन्या पुस्तकांच्या ढिगातून घेतलं. प्रवासवर्णन आहे, साठेक वर्षांपूर्वी छापलेलं. जुनं पुस्तक घरी आणलं की मी ते आधी पारदर्शक पिशवीत बंद करून पंधरा दिवस बाजूला ठेवते, कसर-बिसर असली तर कळावी म्हणून. मोठी ग्रंथालयं कीड लागलेले ग्रंथ उणे २० अंशांच्याही खाली गोठवून ठेवतात. माझ्याकडे पिशवी आहे. पंधरा दिवसांत तिच्यात ना भुसा पडला ना चंदेरी शेपटी दिसली, तेव्हा पुस्तक बाहेर काढलं आणि पहिल्यांदा हुंगलं. जुन्या पुस्तकाच्या वासाला आता विज्ञानाचा आधार आहे. कागदातलं लिग्निन, म्हणजे लाकडाला ताठ ठेवणारं द्रव्य, कुजताना जी वायुरूप द्रव्यं सुटतात, त्यांत व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिनही असतं. २००९ साली लंडनच्या संशोधकांनी या वासावरून कागदाची तब्येत कशी ओळखता येते हे मांडलं. आपण ज्याला सुगंध म्हणतो तो पुस्तक मरत चालल्याचा वास आहे. कळलं तरी मी हुंगायची थांबत नाही.

या प्रवासवर्णनाची शिवण अजून ताठ आहे. कुठेही उघडा, निवांत पडून राहतं. पण कागद? कोपरा दुमडून पाहिला तर तो तुटून बोटात आला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चिंध्यांऐवजी लाकडाचा लगदा आला, शाई फुटू नये म्हणून तुरटी आणि राळेची खळ आली, आणि कागदाच्या अंगात आम्ल मुरलं. तेच त्याला आतून खातं. आता उलटं झालंय. आम्लमुक्त कागद सहज मिळतो, त्यासाठी १९९४पासून आंतरराष्ट्रीय मानकही आहे, माझ्या पोथी झालेल्या चरित्राचा कागद उत्तम आहे. तो दोनशे वर्षं टिकेल, सुटा सुटा. त्या काळची शिवण आणि या काळचा कागद एका पुस्तकात नांदलेले मला फार क्वचित दिसले.

पण या प्रवासवर्णनाची खरी गंमत समासात आहे. आधीच्या कुणा वाचकाने शिसपेन्सिलीने नोंदी केल्या आहेत. अक्षर बारीक, उजवीकडे झुकलेलं, शब्दांवरची रेघ न तोडता ओढलेली. पृष्ठ ११ : ‘खरं?’ पृष्ठ १९ : ‘इथे चालत गेला की कुणी नेलं? सांगत नाही.’ पृष्ठ ३४ : ‘पुन्हा तीच नदी.’ पृष्ठ ५२ला एका वर्णनाखाली नुसती सरळ रेघ आहे, आणि ती रेघ इतकी जपून ओढलीय की पट्टी लावली असावी. मलाही तेच वाक्य आवडलं. पृष्ठ ७१ : ‘बायकोला पत्र नाही लिहिलं एकही.’ पृष्ठ ८६ : ‘कंटाळा.’ त्यानंतर २४० पृष्ठांत एकही खूण नाही.

हा वाचक तिथेच थांबला की वाचत राहिला पण बोलायचा थांबला, हे कळायला मार्ग नाही. मी ३४ वर्षं दुसऱ्यांच्या मजकुरावर खुणा केल्या. दुसऱ्याच्या पुस्तकात एक टिंब काढलं नाही. या वेळी मात्र पेन्सिल घेतली. पृष्ठ ११७वर लेखक खरोखरच बायकोला पत्र लिहितो, दीड पृष्ठाचं, आणि ते पुस्तकातलं सगळ्यात चांगलं दीड पृष्ठ आहे. तिथे समासात लिहिलं : ‘लिहिलं हो! थोडं थांबायला हवं होतंत.’ उत्तर येणार नाही हे मला ठाऊक आहे.

वाचनालयाबद्दल लिहायला बसले तर पत्र संपणार नाही. एवढंच सांगते, की शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलं सगळ्यांना पाठ असतं : ग्रंथ वापरासाठी आहेत. चौथं कुणाला आठवत नाही : वाचकाचा वेळ वाचवा. आमच्या ग्रंथपालबाईंच्या टेबलामागे सुट्या पानांच्या पुस्तकांचा एक ढीग कायम असतो, पुनर्बांधणीला जायची वाट पाहत. ‘काही पुस्तकं चार वाचकांतच येतात इथे,’ त्या म्हणाल्या. पहिलं सूत्र पाळायचं तर पुस्तक चाळीस वाचकांना पुरायला हवं.

चौथ्या सूत्रावरून सूची आठवली. माझ्या चरित्राला नामसूची नाही. जवळजवळ ५०० पृष्ठांचं चरित्र, त्यात माणसंच माणसं, दोन भावांची आद्याक्षरं सारखी, एक मित्र मध्येच रुसून जातो तो शंभर पृष्ठांनी परत येतो. आणि मागे सूची नाही! कादंबरीला सूची नसते ते बरोबर आहे. चरित्राला नसणं म्हणजे एवढं घर बांधून जिनाच विसरणं. मी मागच्या कव्हराच्या आतल्या बाजूला शिसपेन्सिलीने स्वतःची सूची करायला घेतली. आतापर्यंत ६३ नावं झाली. रुसलेला मित्र पृष्ठ ९४, १०२ आणि २११वर आहे.

२११ म्हटलं म्हणून सांगते. ते पान हरवलं होतं. २११–२१२. तीन दिवस. माझा थोरला भाऊ आमच्याकडेच असतो, वय ८३, नजर भिंग घेऊन चालते पण मनगटं थकली आहेत. जाड पुस्तक त्याला धरवत नाही. छातीवर ठेवलं तर म्हणतो, दगड ठेवल्यासारखं वाटतं. म्हणून गेली दोन वर्षं मी त्याला रोज संध्याकाळी वाचून दाखवते. चरित्र फुटलं त्या दिवशी मी चिडून आवाज चढवून बोलत होते. दादाने सुटी झालेली सोळा पानं मागून घेतली. उशीला टेकून बसला, एक एक पान भिंगाखाली धरून वाचत गेला, वाचलेलं पान उपडं घालून शेजारी ठेवत गेला. दीड तास. मग म्हणाला, “पुढची पानं दे.”

“दादा, अरे ती अजून चिकटलेली आहेत.”

“मग सोडव की. एवढी वर्षं पुस्तक माझ्या हातात मावत नव्हतं, आज मावतंय.”

संपादक महाशय, मी ते चरित्र स्वतःच्या हाताने सोडवलं. पाठ वाकवायची, अंगठा घालायचा, कट्. सोळा सोळा पानांचे गठ्ठे करून रोज एक त्याला देते. जिने आयुष्यभर पुस्तकाचा कोपरा दुमडू दिला नाही, तिने. तक्रारीचं पत्र लिहिताना हे लपवून ठेवणं बरं दिसलं नसतं. २११–२१२ अखेर त्याच्या पलंगाच्या गादीखाली सापडलं. रुसलेला मित्र त्याच पानावर परत येतो, त्यामुळे तीन दिवस दादाला तो नुसताच अवतरल्यासारखा वाटत होता आणि चरित्रकाराला तो त्याबद्दल बोल लावत होता.

तरीही माझं मागणं मागे घेत नाही, उलट आता जास्त स्पष्ट करून मांडते. परीक्षणाच्या शेवटी आपण लहान टायपात लेखक, प्रकाशक, पृष्ठं आणि मूल्य देता. त्यात आणखी चार गोष्टी द्या. बांधणी शिवलेली की चिकटवलेली. अक्षराचा आकार किती. आमच्या घरात १६ पॉइंटचं पुस्तक आलं की सण असतो, पण बहुतेक पुस्तकं भिंग लावायला लावतात आणि ते विकत घेतल्यावर कळतं. सूची आहे की नाही. आणि नवी आवृत्ती आहे की नुसतं पुनर्मुद्रण. ‘तिसरी आवृत्ती’ असं ऐटीत छापतात आणि पहिल्या आवृत्तीतल्या चुका जशाच्या तशा असतात, हे प्रुफं वाचणाऱ्याला विचारा. चारही गोष्टी मिळून एक ओळ होते.

बांधणी ओळखायला परीक्षकांना छापखान्यात जावं लागणार नाही. कण्याच्या वरच्या टोकाकडून पाहायचं. छोट्या छोट्या घड्यांच्या कमानी दिसल्या तर फर्मे शाबूत आहेत; सपाट, एकसंध कड दिसली तर पाठ कापली आहे. घड्या दिसल्या तरी दोरा आहे का ते पाहायला पुस्तक २४ आणि २५ या पृष्ठांमध्ये उघडायचं. सोळा पृष्ठांचा फर्मा आणि आकडे पहिल्या पानापासून धरलेले असतील, तर दुसऱ्या फर्म्याचा मध्य तिथेच येतो आणि दोरा असला तर दिसतो.

प्रकाशकांची बाजू मला कळते. शिलाईला वेळ लागतो, खर्च वाढतो, प्रती थोड्या काढायच्या असल्या की हिशेब बसत नाही. मागणीप्रमाणे शे-दोनशे प्रती छापणाऱ्या यंत्रांतून बहुधा सुटीच पानं बाहेर येतात, त्यांत घडीच नसते तर दोरा ओवणार कुठे? हे सगळं मान्य. सगळ्यांनी शिवावंच असं मी म्हणत नाहीये. सांगा, एवढंच म्हणतेय. कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक सूत आहे की पॉलिस्टर हे विचारतं तेव्हा कुणी त्याला कापडाचा शत्रू ठरवत नाही.

एक छोटं सुख सांगून संपवते, कारण नुसतीच कुरकुर करणारी बाई अशी माझी ओळख व्हायला नको. नवं पुस्तक आलं की मी मागच्या कव्हरावरचा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक, तपासते. २००७पासून तो तेरा आकड्यांचा आहे. पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक आकडे तसेच घ्यायचे, मधल्यांची तिप्पट करायची, सगळ्यांची बेरीज करायची. बेरजेला दहाने नि:शेष भाग गेला तर क्रमांक बरोबर. शेवटचा आकडा त्यासाठीच असतो. तो त्या बारा आकड्यांचा मुद्रितशोधक. शेजारचे दोन आकडे उलटे पडले तर तो बहुतेक वेळा पकडतो, फक्त त्या दोघांतला फरक पाचाचा असला की फसतो. आधीचा दहा आकड्यांचा क्रमांक याहून कडक होता, तिथे अकराने भागायचं आणि असली कुठलीच उलटापालट सुटायची नाही. फक्त तपासणीचा आकडा दहा आला तर तो एका घरात मावत नाही म्हणून ‘एक्स’ लिहायचा. मला तो एक्सवाला क्रमांक दिसला की अजून बरं वाटतं, जुन्या कडक हेडमास्तरांचं नाव कुणी काढल्यासारखं. गेल्या महिन्यात डॉक्टरांकडे नंबर लागायची वाट पाहताना मी ललित लेखांच्या पुस्तकाचा क्रमांक तोंडी तपासला. बरोबर होता. चरित्राचाही बरोबर आहे.

पत्र लांबलं आहे, कात्री लागणार हे गृहीत धरते. लावायचीच तर कागदाच्या दिशेवर लावा, पेन्सिलीच्या नोंदींवर लावू नका. नाव-पत्ता सोबत वेगळ्या कागदावर दिला आहे, तो छापू नये ही विनंती.

आपली,
एक निवृत्त प्रुफवाचक

ता. क. — पत्र पाकिटात घालण्याआधी दादाला वाचून दाखवलं. त्याने आपल्या परीक्षणाचं कात्रण मागितलं, भिंग लावलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. आपण ‘पृष्ठे : ४६९’ असं छापलं आहे. पुस्तकाच्या शेवटच्या पृष्ठावरचा आकडा ४९६ आहे, म्हणजे सोळाचे बरोबर ३१ फर्मे. शेजारचे दोन आकडे उलटे पडले आहेत. फरक तीनाचाच आहे, आयएसबीएनमध्ये असते तर सापडले असते. माझ्या नजरेतून महिनाभर सुटले, तेव्हा आपल्या प्रुफवाचकाला रागावू नये. दादाने कात्रण परत दिलं आणि विचारलं, “पृष्ठसंख्या विषम? एका बाजूचा कागद कुठे मिळाला यांना?”